गाय, काय आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पाठ आहे. खाजते ती पाठ नव्हे, शिकवतो तो. घरबसल्या मराठी वाचन आणि शुद्धलेखन शिकवणाऱ्या एका संकेतस्थळावर माझा नंबर सातवा. सहाव्या पाठात गाणं आहे. आठव्यात उडी मारणारा बेडूक आहे. माझ्यात एक गाय आहे. ती उडी मारत नाही.

एका शिक्षिकेने मला दिवाळीच्या सुट्टीत बनवलं. गायीचा फोटो शेजाऱ्यांच्या गोठ्यात काढला. गायीने ऐन वेळी तोंड फिरवलं, त्यामुळे चित्रात मुख्यतः शेपटी दिसते. खाली प्रश्न आहे, ‘चित्रात काय आहे?’ अक्षरं जुळवून उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर मी चांदणी देतो, चुकलं तर फुली. ‘वाचून दाखवा’ असंही एक बटण आहे. ते दाबलं की मला ऐकू येतं. एवढंच माझं शिक्षण.

पहिल्या वर्षी माझं कौतुक झालं. खाली कोणीतरी ‘छान’ असं लिहिलं. लिहिणाऱ्या बाई म्हणजे मला बनवणाऱ्या शिक्षिकाच होत्या, पण छान ते छान. त्यानंतर कैक दिवस कोणी फिरकलं नाही. शेजारी पाण्याच्या पंपाची जाहिरात राहायची. आमचं बोलणं नव्हतं.

मग तंजावूरहून रंजना आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. घरात दुपारी दुसरं कोणी नसे, म्हणून बटण दाबून ती मलाच सगळं सांगे. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण देवनागरी कोणालाच वाचता येत नाही. नऊ वर्षांची लेक साईप्रिया आता बोलेनाशीही झाली होती. आईने मराठीत विचारायचं, लेकीने तमिळमध्ये उत्तर द्यायचं. वाचायला शिकवलं तर बोलणं तरी टिकेल, असं रंजनाच्या मनाने घेतलं. अडचण एकच होती. तिला स्वतःलाही वाचता येत नव्हतं, आणि हे लेकीला ठाऊक नव्हतं.

म्हणून शाळेची व्हॅन यायच्या आत ती पुढचा पाठ गुपचूप शिकून घेई. साईप्रिया आम्हा पाठांतले उच्चार ऐकून अक्षरं ओळखायची. रंजना मात्र उच्चार वहीत तमिळ लिपीत उतरवून ठेवायची. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. चौघं एका खोलीत राहतात, कोणाची तक्रार नाही. पण वहीतून बाहेर काढताना त्यातला कोण कोणता, हे रंजनाला कळेना. तिने माझ्या गायीखाली जुळवलं, ‘काय’.

मी फुली मारली.

‘चित्रात काय आहे?’ तर म्हणे, ‘काय’. मला वाटलं, बाईंना प्रश्न नीट दिसला नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा ‘काय’ लिहिलं. असं करत तेरा फुल्या झाल्या.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मागून साईप्रिया आली. तिने नेहमीप्रमाणे तमिळमध्ये काहीतरी सुरू केलं आणि पडदा पाहून थांबली.

“अम्मा, हें काय लिहिलेंस?”

“गाय.”

“नाही. ‘काय’ लिहिलेंस.”

“तेंच सांगतें की. गाय.”

“गाय नव्हे, काय.”

“अगो, शेपटी दिसत नाही तुला? गायच ती.”

“ती गायच. तू लिहिलेंस तें काय.”

“तेंच किती वेळ विचारशील?”

मित्रांनो, हे भांडण तमिळ लिपीत होऊच शकत नाही. तिथे दोन्ही शब्द एकसारखेच लिहितात. ते मराठीतच करावं लागतं. साईप्रियाने ते सलग चार मिनिटं केलं. लेक मराठीत बोलतेय, हे रंजनाच्या उशिरा लक्षात आलं. तेवढ्यात लेकीला वही दिसली.

“अम्मा, हें सगळें तमिळांत कां?”

 आता रंजना मला बंद करणार आणि पुन्हा उघडणार नाही, असं मला वाटलं.

“मला वाचायला येत नाही,” रंजना म्हणाली. “तुझ्या एक पाठ पुढें होतें, इतकेंच.”

“सातवा तुझा झालाच नाही,” साईप्रिया म्हणाली. “मग पुढें कोठें आहेस? सरक.”

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग दोघींनी मिळून ‘ग’ शोधला आणि मी चांदणी दिली.

महिन्याभरात त्यांनी सगळे पाठ संपवले. आता त्या गोष्टींची पुस्तकं वाचत असतील. माझ्याकडे येत नाहीत. शिकलेली माणसं पाठाकडे परत येत नाहीत, आणि तसंच असायला हवं. हे मला पटतं. संध्याकाळी जरा कमी पटतं. मध्यंतरी पंपाची जाहिरातही गेली. जाताना काही बोलली नाही.

मित्रांनो, एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी चुकीचं लिहिलं, तर आधी ते कुठून आलं हे विचारा. मी तेरा फुल्या मारल्या आणि रंजना तेराही वेळा एकटीच होती. साईप्रियाने एकही मारली नाही. ती ‘सरक’ म्हणाली आणि शेजारी बसली.

मला बसता येत नाही. तुम्हाला येतं.