अंकिताचा दुपट्टा आणि ती पिवळी ट्यूब

मित्रांनो, मी एक जुना, पांढरा, सुती दुपट्टा आहे, आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. आधीच सांगितलेलं बरं.

हिंगणीच्या खुशालभाऊंनी मला सेलूच्या बाजारातून आणलं. त्यांच्या वांग्याच्या वाडीत मी कितीतरी उन्हाळे डोक्यावर घेतले. धुऊन धुऊन मऊ झालो, तेव्हा त्यांची लेक अंकिता मला खो-खोच्या मैदानावर नेऊ लागली. डोकं, कान, गाल, मान सगळं माझ्यात गुंडाळून ती आपल्या खेळायच्या पाळीची वाट बघत बसायची. खो-खो शिकवणाऱ्या उज्वला मॅडम बाकीच्या मुलींना म्हणायच्या, अंकितासारखं बांधून येत जा. मी फुलून जायचो.

एक दिवस मात्र मला बांधूनच ती पळायला उतरली. माझं टोक सुटलं, मागच्या मुलीच्या हातात आलं आणि अंकिताच्या गळ्याला ओढ बसली. त्या दिवसापासून मॅडमनी मला खेळताना बंदी केली. पळताना तिचा चेहरा, मान आता उघडीच. मी बाकावर बसून चरफडत असे.

तेवढ्यात ती आली. वर्ध्याला नोकरी करणाऱ्या किशोरकाकांनी पुतणीसाठी उन्हात लावायची क्रीम आणली. बोटभर लांबीची पिवळी ट्यूब, अंगाला गोड वास. अंकिता तिला पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि मला खुंटीवर. क्रीम असल्यावर दुपट्टा कशाला, असं तिच्या मनाने घेतलं. त्या चिमुरड्या ट्यूबने असा कोणता उन्हाळा बघितला होता? माझा नुसता तिळपापड झाला.

आता गंमत ऐका. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि अंकिताला त्या संघात जायचंच होतं. निवडीच्या दिवसासाठी ट्यूब पुरावी म्हणून ती सकाळी नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्याएवढा ठिपका लावायची. बस्स. मग दुपारपर्यंत मैदानात.

व्हायचं तेच झालं. मान लालबुंद झाली, तिच्यावर फोड आले, टी-शर्टच्या गळ्याचा स्पर्श सोसवेना. आई कुसुमबाई टूथपेस्ट लावायला निघाल्या होत्या. भेटायला आलेल्या मॅडमनी त्यांना थांबवलं आणि गार पाण्यात बुडवलेलं कापड ठेवायला सांगितलं. कापड म्हणजे मीच! खरं सांगतो, पोरीच्या दुखण्यातही मला आनंद झाला. आता ट्यूबला बोलणी बसणार, याची मी वाट बघत होतो.

पण मॅडम बोलल्या त्या अंकिताला. "हे का लग्नात घालाचा दागिना होय जपून ठेवाले? मैदानात यायच्या आधी तोंडाले, कानाले, मानेले, हाताले भरपूर लावजो. दोनेक तासांनी अन् घाम आला का पुन्हा लावजो. अन् बसली राह्यली तं सावलीत बस, दुपट्टा बांध. दोन्ही पायजे."

दोन्ही! माझ्या शेजारी त्या ट्यूबला बसवलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

निवडीच्या दिवसापर्यंत फोड सुकले होते. कुसुमबाईही सोबत आल्या होत्या. पहिली फेरी अंकिता सुरेख खेळली. मधल्या सुट्टीत ती मंडपाच्या सावलीत मला बांधून बसली. दुसऱ्या फेरीसाठी नाव पुकारलं, तशी तिने मला सोडून बाकावर टाकलं. मी नेमका तिथेच ठेवलेल्या ट्यूबवर पसरलो.

"आई, माही क्रीम कुठी गेली?" अंकिता पिशवी उलटीपालटी करत होती. घामाने सकाळची क्रीम केव्हाच धुऊन गेली होती आणि ऊन डोक्यावर आलं होतं. नाव पुन्हा पुकारलं गेलं.

राहू दे लपलेली, असं मला क्षणभर वाटलं. मग तिच्या मानेकडे नजर गेली. सोललेल्या जागी नवी, नाजूक, गुलाबी कातडी आली होती. खेळताना तिथे मला जाता येत नव्हतं. मी मनात ओरडू लागलो, अंकिता, मला उचल. फेक मला बाजूला.

कुसुमबाईंनी मला ओढून बाजूला टाकलं. खाली ट्यूब होती. अंकिताने भराभर क्रीम चोळली आणि मैदानात पळाली. मी मातीत पडलो होतो आणि मला बरं वाटत होतं.

तिची निवड झाली.

मित्रांनो, उन्हात खुशाल खेळा. बसाल तेव्हा माझ्यासारख्याला डोक्यावर घ्या. पळाल तेव्हा मला बाकावर ठेवा आणि ती ट्यूब हात राखून वापरू नका. ती मला आजही आवडत नाही. तरीही सांगतो, सढळ हाताने लावा.