हरेपर्यंत मटण बंद

विजयसिंहाच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या तालमीला ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तो पेठेतल्या या तालमीच्या फुटबॉल संघाचा फुलबॅक, म्हणजे बचावाचा गडी, होता, आणि त्याला चकवून बॉल नेणारा फॉरवर्ड अजून जन्माला यायचाय, असं तो स्वतःच सांगायचा. आता तो म्हशी पाळायचा, सकाळी दूध घालायचा आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या खेळातल्या चुका काढायचा.

डिसेंबरात झालं असं, की त्याचा एकुलता एक मुलगा ऋतुराज तालमीची जर्सी ठेवून कॉलेजच्या संघात गेला. कॉलेज कळंब्याच्या रस्त्यावरचं, नवंकोरं. फुटबॉलचा संघ तर त्याच वर्षी पहिल्यांदा उभा राहिलेला. त्यात पलीकडच्या पेठेतली चार पोरं. ज्या पेठेशी तालमीची तीन पिढ्यांची खुन्नस, तिच्या पोरांच्या गळ्यात गळा घालून आपला मुलगा खेळणार! विजयसिंहाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंधरा माणसांच्या देखत तो कट्ट्यावर गरजला, "ध्यानात ठेवा. ही कॉलेजची टीम एक तरी मॅच हारल्याबिगर मी मटणाला हात लावणार न्हाय!"

त्याच्या मते यात काहीच धोका नव्हता. पहिली मॅच गुरुवारी होती. गुरुवारी पोरं हरणार, रविवारी घरात तांबडा रस्सा होणार. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. त्यानं तो संघ खेळताना बघितलाच नव्हता.

गुरुवारी पोरं तीन गोलांनी जिंकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा जिंकली. रविवार येत गेले आणि जात गेले. बायको रत्नमाला सगळ्यांच्या ताटात मटण वाढायची आणि त्याच्या ताटात वांगं, तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला, की विजयसिंह गोठ्यात जाऊन बसायचा. पण शब्द माघारी घ्यायचा म्हणजे तालमीत पुन्हा तोंड दाखवायला जागा नाही.

सातव्या मॅचला कबनूरच्या पोरांनी बरोबरी केली. विजयसिंह धावतच कट्ट्यावर गेला. "जिंकली न्हाईत की आज!"

कट्ट्यावर सगळ्यांत जुने गुंडूअण्णा. तालमीतला कुठलाही वाद त्यांच्यापुढंच मिटायचा. त्यांनी चहाचा कप संपेपर्यंत विचार केला. "जिंकली न्हाईत, खरं हाय. पण हारली बी न्हाईत. तुझा शब्द हारल्याचा हाय, गड्या. खा वांगं."

पंधरा माणसं पोट धरून हसली. विजयसिंहही हसला, पण वरवर.

त्याच संध्याकाळी ऋतुराज गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. पूर्वी मॅच झाली की बापलेक तासभर बोलायचे. कोण कुठं चुकला, कुणी पाय घालायला उशीर केला, सगळं. डिसेंबरापासून ते बंद होतं. पोरगं म्हणालं, "आबा, रोज सकाळी अंबाबाईला हात जोडताय. काय मागताय?"

विजयसिंहानं पाठ फिरवून म्हशीपुढं वैरण टाकली. कारण पोराला जो संशय होता, तो खरा होता. दूध घालून परत येताना देवळाच्या दारात थांबून तो रोज स्वतःच्या मुलाची हार मागत होता, आणि पोरानं विचारेपर्यंत त्याला त्याची लाजसुद्धा वाटली नव्हती. ऋतुराज घरात निघून गेला. त्यानंतर विजयसिंह देवळापुढून जाताना मान खाली घालून जाऊ लागला. काय मागावं हेच त्याला कळेना.

मार्चमध्ये फायनल आली. समोर जयसिंगपूरचं कॉलेज. "हारताना बघून येतो," असं कट्ट्यावर सांगून विजयसिंह स्टेडियमला गेला आणि सगळ्यांपासून लांब, गोलच्या मागच्या पायऱ्यांवर बसला. पोराचा खेळ तो त्या वर्षी पहिल्यांदाच बघत होता. ऋतुराज फुलबॅकलाच होता. उभा राहायची ढब तीच, फॉरवर्डला कडेला ढकलायची खोड तीच. विजयसिंह पायरीच्या कडेला सरकून बसला.

पलीकडच्या पेठेतल्या राजवीरनं सत्तराव्या मिनिटाला गोल केला. त्याला सगळ्यांत आधी मिठी मारली ती ऋतुराजनं. तीन पिढ्यांची खुन्नस त्या मिठीत कुठं गेली, कुणी विचारलं नाही.

दोन मिनिटं उरली असताना जयसिंगपूरचा फॉरवर्ड सुटला. गोलकीपर पुढं धावला आणि फसला. ऋतुराजही त्या फॉरवर्डच्या मागं झेपावणार, तेवढ्यात विजयसिंह उभा राहिला. आपण काय ओरडतोय हे त्याला ओरडून झाल्यावरच कळलं.

"ऋत्या! त्याला सोड! लाईनीवर जा, लाईनीवर!"

पोरगं वळलं आणि मोकळ्या गोलकडं पळालं. फॉरवर्डनं बॉल ढकलला. तो लाईनीपासून वीतभर असताना ऋतुराजच्या पायाला लागून बाहेर गेला. थोड्या वेळानं शिट्टी झाली. अकरा मॅच, एकही हार नाही.

विजयसिंहाचा जीव भांड्यात पडला. तो खाली बसला, आणि बसल्या बसल्या रडू लागला. साडेतीन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. त्याला हार नको होती. आता तरी त्याला ते पक्कं ठाऊक झालं होतं.

घामानं निथळत ऋतुराज पायऱ्या चढून आला आणि शेजारी बसला.

"ऐकलं व्हय तू?" विजयसिंहानं विचारलं.

"अख्ख्या स्टेडियमनं ऐकलं की."

"ऋत्या, मी तुझी हार मागत होतो रं. देवीच्या दारात. रोज."

"म्हाईत हाय, आबा." ऋतुराजनं बापाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं. "त्या रागापायीच जिंकत होतो. आजची शेवटची दोन मिनिटं तेवढी रागाबिगर गेली. तुमचा आवाज आला आणि राग कुठल्या कुठं पळाला."

विजयसिंहानं पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. मग हात तिथंच राहू दिला.

"पुढच्या वर्षी बी हारू नगासा," तो म्हणाला. "मटणाचं मी बघतो काय करायचं ते. आणि एक ऐक, दुसऱ्या हाफात तू दोनदा उशिरा पाय घातलास."

"कुठं घातला?" ऋतुराज उसळून म्हणाला, आणि दोघं तिथंच वाद घालत बसले.