पुडीतली शेवटची गोळी

दादा तुरुंगातून सुटला तेव्हा त्याला त्याचे कपडे परत मिळाले आणि फिटच्या गोळ्यांची एक कागदी पुडी. कपडे ढगळ झाले होते आणि पुडीत आज एकच गोळी उरली होती. दादा धंद्याने रंगारी. शिडीवर असताना फिट आली तर भिंत राहिली बाजूला, फरशीच रंगायची.

धाकटी बहीण त्याला दवाखान्यात घेऊन गेली. खिडकीतले साहेब म्हणाले, "जुने कागद आणा." मग वरात तुरुंगाच्या फाटकावर. पहारेकऱ्याने दादाला लगेच ओळखलं.

"काय रे, परत?"

"औषधाचे कागद हवेत."

"फाइल आतल्या माणसासाठी असते. तू आता बाहेरचा."

म्हणजे आत असता तर कागद मिळाले असते, फक्त तेव्हा ते लागले नसते. एवढं शहाणपण पदरात घेऊन दोघं पुन्हा दवाखान्यात, ये रे माझ्या मागल्या. या खेपेला मात्र बहीण खिडकीशी थांबलीच नाही. दादाचं मनगट धरून ती थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसली आणि तुरुंगापासूनचं सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी गोळी ओळखली. "पण कागदाशिवाय कशी लिहून देऊ? या गोळ्या नेऊन विकणारेही येतात. हे स्वतः खातात कशावरून?"

बहिणीचा पारा चढला. ती तोंड उघडणार तोच दादाने ती शेवटची गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, हात पाठीमागे बांधले आणि आ वासला. जीभ वर केली. डावा गाल दाखवला, उजवा दाखवला, आणि तसाच उभा राहिला.

"दादा, मिट ना तोंड," बहीण पुटपुटली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा हलला नाही. तो हुकमाची वाट बघत होता.

तोंड उघडंच आहे म्हणून बाईंनी बॅटरी लावून आत डोकावलं.

"दाढ पार किडलीय. मिटा आता. दुखत नाही?"

"दुखते."

"कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं."

"आणि तुरुंगात रोज असंच तोंड तपासायचे ना तुमचं?"

"दोनदा," दादा म्हणाला. "पण ते गोळीसाठी."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाली दाढेचंही लिहिलं. बहिणीला रडू आवरेना.

"अगं," दादा तिला म्हणाला, "एवढी नाही दुखत."