धमकीची तालीम

आनंदरावांनी आधार कार्ड हनुवटीखाली धरलं, घसा साफ केला आणि पुतण्याला जिवे मारण्याच्या धमकीला सुरुवात केली.

“आज या ठिकाणी उपस्थित असलेल्या सर्व...”

“थांबा,” समृद्धी म्हणाली. मोबाइल तिच्या हातात होता. “काका, सत्कार न्हाई हा.”

“सवय झालीय गं जिभेला.”

केंदुरात कशाचंही उद्घाटन असो, नारळ आनंदरावांच्याच हातात असायचा. धमक्याही ते देत, पण कॅमेऱ्यासमोर ही पहिलीच वेळ. मागं शेवंतीचे क्रेट रचलेले होते ते हलवले, कारण धमकीला शेवंती शोभत नाही असं दादांचं, म्हणजे समृद्धीच्या वडिलांचं, मत पडलं. त्यांच्या जागी भिंतीला कोयता टेकवला. त्याची मूठ फारच नवी दिसत होती, म्हणून दादांनी मुठीला स्वतःच्या हातानं माती चोळली.

ज्याला मारायचं होतं तो पुतण्या, समृद्धीचा भाऊ हृतिक, दुसऱ्या मोबाइलमध्ये होता. दादांनी तो पाण्याच्या टाकीवर टेकवून ठेवला होता. हृतिक इंग्लंडला शिकायला गेला, व्हिसा संपत आला, नोकरी लागली नाही. मग तिथल्या एका वकिलानं वाट दाखवली. सरकारकडं आश्रय मागायचा. मी दुसऱ्या जातीच्या मुलीवर प्रेम केलं, परत गेलो तर घरचे जिवंत ठेवणार नाहीत, असं सांगायचं.

“पर आपन तुला मारतोय आन् तुझं काम झाल्यावर पेढे बी आपनच वाटायचे?” दादांनी विचारलं होतं.

“पेढ्यांचे फोटो टाकू नका म्हंजी झालं,” हृतिक म्हणाला होता.

हृतिकनं आजवर स्वतःवर आणि एका बुलेटवर सोडून कुणावर प्रेम केलेलं नव्हतं. ही गोष्ट त्यानं कुठून उचलली, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोष्ट समृद्धीची होती. कारेगावात खोली घेऊन राहणारा, रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करणारा संघर्ष, त्याची जात, तिचा बंद झालेला क्लास, काकांनी दारात उभं राहून दिलेली तंबी, सगळं भावानं जसंच्या तसं उचललं होतं. फक्त तिच्या जागी स्वतःला बसवलं. विचारलंसुद्धा नाही. चार्जर नेताना तरी विचारायचा.

दोन महिन्यांपूर्वी ती लपूनछपून शिरूरला एका वकिलाकडं गेली होती. लग्न करायचंय, जिवाची भीती आहे, पोलीस संरक्षण मिळेल का, एवढंच विचारायला. त्यानं चहा मागवला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, “ताई, तोंडी धमकीला पुरावा काय? कोर्ट पुरावा मागतं.” ती एसटीतून उतरली तेव्हा दादा थांब्यावर उभे होते. बांधाची केस त्यांनी त्याच वकिलाला दिली होती. त्या दिवसापासून तिचा मोबाइल दादांच्या कपाटात गेला. आज बाहेर निघाला, कारण घरात धड कॅमेरा तेवढाच होता.

इंग्लंडच्या वकिलाला हृतिकची भीती पहिल्या फोनलाच पटली. तिची भीती शिरूरच्या वकिलाला समोर बसून पटली नव्हती.

“परत घ्या,” हृतिक टाकीवरून म्हणाला. “आधी नाव, गाव, नातं, तारीख, आधार दाखवायचं. मग धमकी. आन् काका, नॅचरल पायजे. तिकडच्या लोकांना ॲक्टिंग लगीच कळती.”

काकांनी परत सुरुवात केली. या वेळी ते “हृतिक, बाळा, तुला आम्ही मारू” म्हणाले. बाळा काढल्यावर मारूच्या आधी “नाइलाजानं” आलं. तेही काढल्यावर त्यांना हसू फुटलं.

“न्हाई जमत. पोराचा राग येतच न्हाई मला.”

समृद्धीनं मोबाइल खाली घेतला. काच ओढणीला पुसली. पुसताना ती इतकी शांत होती की आईनं, मुक्ताबाईनं, पीठ मळता मळता वर पाहिलं.

“मग ज्याचा येतोय त्याला समोर आना की, काका,” ती म्हणाली. “मला आना.”

काकांचं हसू ओसरलं.

“आयडिया भारी हाय,” हृतिक म्हणाला. “फीलिंग तर येऊ दे. नाव मागनं बदलू.”

काकांनी कार्ड उचललं. नाव सांगितलं, गाव, तारीख. “समृद्धीचा सख्खा चुलता,” म्हणाले. मग कार्ड खाली गेलं आणि त्यांचा आवाजही खाली गेला. उद्घाटनाचा आवाज कुठल्या कुठं.

“समृद्धे, त्या पोराबरं लगीन लावलंस, तर एक ध्यानात ठेव. ऊस डोक्याच्या वर गेलाय. तोडीला अजून लई टाइम हाय. आत काय पुरलंय, कोन बघतंय? तुझा बाप बघनार न्हाई. मी त्याला इचारलंय.”

मोबाइल हलला नाही. तिनं कोपर पोटाशी दाबून धरलं होतं.

आधी हृतिकनं टाळी वाजवली, इंग्लंडातून. मग दादांनी. मुक्ताबाईचे हात पिठाचे होते. तिनंही वाजवली, पीठ उडालं.

“एकच नंबर!” हृतिक ओरडला. “हेच, फक्त माझं नाव घालून.”

तसं केलं. दुसरी खेप बरी झाली. तिला वजन नव्हतं, पण इंग्लंडला चालण्यासारखी होती.

“पयली काढून टाक,” दादा म्हणाले.

“आरं ऱ्हाऊ दे,” काका म्हणाले. पाठ थोपटलेल्या माणसासारखे ते फुलले होते. “पयलीच खरी झालीय. मला बी पाठव गं.”

“पाठवते,” समृद्धी म्हणाली.

व्हिडिओसोबत इथल्या वकिलाचं सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र हवं होतं. शिरूरला गेलं तर गावभर होईल, म्हणून दौंड ठरलं. दौंडला त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. इंग्रजी येणारी घरात समृद्धीच, म्हणून मोबाइलसकट तिलाच न्यायचं ठरलं.

दौंडला दादांनी गाडी लावली, पण ते वकिलाच्या ऑफिसात आले नाहीत. हृतिकनं बजावलं होतं, धमकी देणाराच वकिलाकडं घेऊन आला असं कुठं असतंय का? दादांना ते पटलं. ते समोरच्या टपरीवर बसले.

वकील तरुण होत्या. बाहेरच्या पाटीवर नुसतं ‘ॲड. सायली’ राहिलं होतं, आडनावावर कुणी क्लासची जाहिरात चिकटवली होती.

“भावाच्या आश्रयाचं काम ना? फोन आला होता.”

“काम माझं आहे,” समृद्धी म्हणाली आणि पहिली खेप लावून मोबाइल टेबलावर सरकवला.

सायलीबाईंनी व्हिडिओ पाहिला. मग हातातलं पेन ठेवून परत पाहिला, शेवटपर्यंत.

“ह्या टाळ्या कुणाच्या आहेत?”

समृद्धीनं खिडकीबाहेर पाहिलं. दादा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. नजरानजर झाली तसा त्यांनी, झालं का, असा हात केला.

“एक ते बसलेत,” ती म्हणाली.

सायलीबाई उठल्या आणि त्यांनी आधी खिडकी लावून घेतली.