अठराव्या वाफ्यातली अकरा ताटे

मार्गशीर्षाची दुपार. सीनाकाठच्या काळ्याभोर पठारावर ऊन पांढरे होऊन पसरलेले. आकाश निरभ्र, निळेगर्द, निर्विकार. आणि त्या अथांग निळाईखाली भेगाळलेली भूमी, श्यामल, शुष्क, श्रांत. भेगा इतक्या रुंद की उडता उडता टोळ चुकून आत पडला, तर पुन्हा उजेडात यायला त्याला बराच वेळ लागे.

उत्तरा नक्षत्रात एकदा बरसून पाऊस गेला तो गेलाच. हस्त कोरडा गेला, चित्रा कोरडी गेली, स्वातीने नुसते ढग दाखवले. पेरणीच्या वेळी मातीच्या उदरात जी ओल साठली होती तेवढीच शिदोरी, आणि त्या शिदोरीवर ज्वारीने पासष्ट दिवस काढलेले.

कोरडवाहू संशोधन केंद्राच्या त्या रानात चोवीस वाफे होते. चोवीस वाफ्यांत ज्वारीचे चोवीस वाण. कुणी उंच, कुणी ठेंगणा, कुणी रुंद पानांचा, कुणी तलवारीसारख्या निमुळत्या पात्यांचा. ज्वारी पोटरीला आली होती. कणीस अजून पानांच्या घडीत मिटलेले, बाहेर यायला उत्सुक. आणि नेमक्या याच घटकेला पाने सुरळी होऊन मिटत होती, कडा करपत होत्या, हिरव्यावर राख उतरत होती.

वाफ्यांच्या मधल्या वाटेने शिवलीला बिराजदार चालत होती. वय एक्केचाळीस, डोक्याला सुती रुमाल, खांद्याला वह्यांची पिशवी, मनगटावर उन्हाचा काळा कंगोरा. पीक तहानेला कसे सामोरे जाते, हे शोधणे तिचे काम. पाण्याविना कोण टिकतो, कसा टिकतो, आणि कमीत कमी पाण्यात त्याला कसे तारावे, या तीन प्रश्नांभोवती तिची उमर फिरत आली होती.

मोठे विलक्षण दैव होते तिचे. सारा मुलूख पावसाची वाट पाही, आणि ती कोरड्या वर्षाची. सलग तीन वर्षे ऐन पोटरीच्या वेळी अवकाळी सर आली. रान हसले, शेतकरी हसले, तीही त्यांच्यासोबत हसली आणि घरी येऊन प्रयोगाचे पान कोरे ठेवून वही मिटली. यंदा मात्र अवर्षण आले. मागितलेली परीक्षा दारात उभी राहिली. आणि आता एकेक वाफा मान टाकताना पाहून तिचेच काळीज सुकत होते.

त्या दुपारी अठराव्या वाफ्याशी केराबाई वाघमोडे उभी होती.

केराबाई साठीची. केंद्राच्या रानात तिची तीस वर्षे खुरपण्यात गेलेली. दोन वर्षांपासून डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, गवत आणि रोप वेगळे दिसेना, म्हणून तिला पाखरे राखायचे काम दिलेले. पण रानाशी तिचे बोलणे थांबले नव्हते. ती पानांना हात लावी, ताटांना टेकून बसे, मातीचा वास घेई. त्या क्षणी तिने एक पान अलगद ओढून स्वतःच्या गालाला लावले होते, आणि सुरकुत्यांच्या जाळीत एक मंद, मिस्कील हसू उमटले होते.

"म्याडम, ह्याला तहान न्हाई लागली," ती म्हणाली.

शिवलीला थांबली. "कशावरून म्हणता, मावशी?"

"पान गार हाय. बाकीची समदी चटका देत्यात. तुमीच हात लावून बघा की."

शिवलीलाने पान गालाला लावले. गार. रांजणाच्या ओल्या कुशीसारखे गार. तिने घाईने पिशवीतून पिस्तुलासारखे ते छोटे यंत्र काढले, जे दुरूनच पानाचा ताप सांगते. हवा एकतीस अंश. सतराव्या वाफ्याचे पान चौतीस. एकोणिसाव्याचे पस्तीस. अठराव्याचे अठ्ठावीस. तिने यंत्र पुसले, पुन्हा धरले. अठ्ठावीस.

पाणी पिणारे पान घाम गाळते आणि गार राहते. तहानलेले पान तोंड मिटते आणि तापते. मग पासष्ट दिवसांच्या कोरड्या रानात हे एकटेच कुठून पीत होते?

अठरावा वाफा, खरे तर, साऱ्यांत दरिद्री दिसे. पाने अरुंद, रंग राखाडी, उंची बेताची. त्याचे बी पाच वर्षांमागे जतच्या पलीकडल्या एका वस्तीवरून आले होते. तिथे निंगव्वा नावाच्या म्हातारीने दाराच्या चौकटीला एक कणीस टांगून ठेवले होते, सासूने टांगले होते तसे, तिच्या सासूने टांगले होते तसे. निंगव्वाने ते कणीस शिवलीलाच्या ओंजळीत दिले आणि कानडीत एवढेच म्हणाली, "पेरत राहा." पुढल्या वर्षी ती गेली. वस्तीवर ऊस आला. कोठीत ठेवलेले उरलेले बी पावसाळ्यात सोंड्यांनी पोखरले. यंदा जे उगवले त्यातले बहुतेक खोडमाशीने नेले, आणि उरली एका ओळीत अकरा ताटे. साऱ्या पृथ्वीवर त्या वाणाची, शिवलीलाला ठाऊक असलेली, अकराच ताटे.

केंद्राचे प्रमुख डॉ. यशोधर मुळीक यांनी सोमवारीच ठरवले होते की गुरुवारी ठिबकच्या नळ्यांतून सर्व वाफ्यांना पाणी सोडायचे. शेततळ्यात एका पाळीपुरते पाणी होते. माणूस मऊ, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, इस्त्रीच्या घडीसारखा नीटनेटका.

त्याच संध्याकाळी शिवलीला त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते खिडकीतून त्याच तळ्याकडे पाहत होते.

"सर, अठराचं पान गार आहे. त्याला पाणी नको," ती म्हणाली.

"शिवलीला, शास्त्राला प्रश्न उरला तर चालतं. बी उरलं पाहिजे. अकरा ताटं आहेत. ती वाळली तर तू स्वतःला माफ करशील का?"

तिच्याही अंतरात तोच प्रश्न दुपारपासून होता. पाणी दिले तर ताटे जगतील, पण त्यांचे रहस्य तसेच पुरलेले राहील. आणि पुढचे कोरडे वर्ष कधी, हे कोण सांगणार. नाही दिले, आणि गालाला लागलेला तो गारवा नुसता भास ठरला, तर एका म्हातारीने सोपवलेला वारसा तिच्याच हाताने संपेल.

"मला उद्याचा एक दिवस द्या," ती शेवटी म्हणाली. "खणून बघते. कडेचं एक ताट जाईल."

मुळीक खिडकीपासून वळले. "एकच," ते म्हणाले. "दुसऱ्याला धक्का नको."

बुधवारची पहाट केशरी, कुडकुडती, काचेसारखी स्वच्छ. शिवलीला, केराबाई आणि खुरपणीच्या दोघी जणी अठराव्या वाफ्याच्या कडेला जमल्या. अकराव्या ताटापासून हातभर अंतरावर कुदळ पडली, आणि चर खोल होऊ लागला.

पहिला फूट म्हणजे नुसती धूळ. दुसऱ्या फुटाला ढेकळे, भट्टीतून काढलेल्या विटांसारखी कडक. तिसऱ्या फुटाला शेजारच्या वाणाची मुळे संपली; तपकिरी, थकलेली, तिथेच थांबलेली. अठराची मुळे मात्र चालत होती. सरळ, सडपातळ, खाली, आणखी खाली. फवाऱ्याच्या पंपाने बारीक धार सोडून शिवलीला माती सोडवत गेली, बोटांनी, नखांनी, श्वास धरून.

चौथ्या फुटाला मुळे दिसेनाशी झाली.

तिने उजवीकडे उकरले. डावीकडे उकरले. चुनखडीचे पांढरे खडे, चिकणमातीचा काळा कातळ, बाकी काही नाही. सूर्य डोक्यावर आला होता. वर उभ्या दोघींनी कुदळ टेकवली. शिवलीलाच्या कपाळावरून घाम ओघळून मातीत मुरला. तिला वाटले, इतकेच होते तर. उद्या अठरालाही पाणी सोडावे लागणार.

"जरा सरका," केराबाई म्हणाली, आणि लुगडे आवरून चरात उतरली.

तिने डोळे मिटले. मोतीबिंदूने अंधुक झालेल्या डोळ्यांचा तिला तिथे उपयोगही नव्हता. तिची बोटे भिंतीवरून फिरत राहिली, सावकाश, चाचपत. मग एका ढेकळाच्या पाठीमागे, मातीच्या जुन्या भेगेत, ती बोटे शिरली आणि थबकली.

"हितनं गेलीय," ती म्हणाली. "वाट बघून गेलीय बया."

शिवलीलाने ढेकूळ उचलले. भेगेच्या आतून, कातळाला वळसा घालून, एक शुभ्र मुळी खाली उतरली होती. तिच्यामागून दुसरी, तिसरी, सातवी. पुढचा सारा वेळ दोघी एकमेकींना चिकटून, गुडघे मातीत रोवून उकरत राहिल्या. आणि पाचव्या फुटाला माती अचानक वेगळी लागली. ती बोटांना चिकटली. ती काळी होती, गार होती, सुगंधी होती. त्या ओलीच्या अंधाऱ्या गर्भगृहात मुळ्यांनी आपला पिसारा उघडला होता, सहस्र केशमुळांचा, धवल, सूक्ष्म, सजल पिसारा. आणि त्याच्या प्रत्येक तंतूला मातीचा एकेक ओला कण बिलगलेला.

शिवलीलाने केराबाईचा हात धरून त्या पिसाऱ्यावर ठेवला.

केराबाईची बोटे त्या तंतूंतून फिरली. "जावळ हाय हे," ती हलकेच म्हणाली. "बाळाचं जावळ."

मग शिवलीला हसली. प्रथम नुसते ओठांत, मग गळ्यातून, मग सारे अंग गदगदून. केराबाईही हसली, वरच्या दोघीही हसल्या, आणि तो पाच फूट खोल चर हास्याने काठोकाठ भरला. गेल्या पावसाळ्यातले पाणी तिथे खाली होते. उन्हाला न सापडलेले, वाऱ्याला न लागलेले. आणि निंगव्वाच्या कणसाचे वंशज त्या पाण्यापर्यंत स्वतःच्या पावलांनी चालत गेले होते.

मुळीक आले, वाकून पाहिले, आणि इस्त्रीच्या विजारीसकट चरात उतरले. त्यांनी पाचव्या फुटाची माती मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. गोळा तसाच राहिला.

"लाडू वळतोय की हिचा," ते म्हणाले, आणि तो मातीचा लाडू त्यांनी केराबाईच्या तळहातावर ठेवला. "उद्या बाकीच्यांना पाणी द्या. अठराचं राहू द्या."

गुरुवारी ठिबक सुरू झाली. थेंब थेंब, मुळाशी मुळाशी. अठराव्या वाफ्याच्या नळीचे तोंड शिवलीलाने स्वतः मुडपून बांधले. गाठ घट्ट बसली. संध्याकाळपर्यंत तेवीस वाफ्यांची पाने उलगडली, आणि शेततळ्यात अठराच्या वाट्याचे पाणी उरले. तिन्हीसांजेला त्या उरलेल्या पाण्यावर चिमण्यांचा एक थवा उतरला, पिऊन गेला, पुन्हा आला.

बाराव्या दिवशी दहाही ताटे निसवली, मिटलेली कणसे पानांबाहेर आली.

पौषातली एक सकाळ. धुके विरत होते, दवाने पाने चकाकत होती, आणि उघड्या कणसांवर फुलोऱ्याची पिवळी भुकटी दाटली होती. शिवलीला ओळीतून गेली आणि ते पराग तिच्या रुमालावर, भुवयांवर, खांद्यांवर झरले. केराबाईने तिच्या दंडावरून बोट फिरवले, बोट नाकाशी नेले आणि म्हणाली, "पोरी, तुला हळद लागली." गेल्या तीस वर्षांत केंद्रातल्या एकाही साहेबाला तिने एकेरी हाक मारली नव्हती. दोघींच्याही ते ध्यानात आले.

माघात कणसे भरली. मुठीएवढी, घट्ट, जडावून किंचित झुकलेली. दहा कणसांचे वजन शिवलीलाने तीनदा केले आणि वहीच्या पानावर, तीन वर्षे कोऱ्या राहिलेल्या रकान्यात, आकडा लिहिला. तेवीस वाफ्यांना एक पाळी मिळाली होती. अठराला एक थेंबही नाही. आणि दर ताटामागे कणसाचे वजन त्यांच्या बरोबरीचे. तीन फुटांवर न थांबणारी मुळी आता संकर करून दुसऱ्या वाणांतही आणता येणार होती. पुढल्या हस्तात पाच गुंठे पेरायचे ठरले होते, कणसे काढण्यापूर्वीच.

मळणीला यंत्र नको, असे सर्वांनीच ठरवले. दहा कणसांना यंत्र कशाला. अंगणात पांढरे कापड अंथरले, भोवती सगळे बसले. मुळीकांनीही बाह्या सारल्या. तळहातावर कणीस चोळले जाई, बोंडे फुटत, कोंडा मनगटाला चिकटे. मग केराबाई उठली. तिने सूप घेतले, गालाने वाऱ्याची दिशा पाहिली आणि हात उंच केले.

उन्हात सोनेरी कोंडा उधळला, मुळीकांच्या चष्म्यावर बसला, शिवलीलाच्या केसांत अडकला, कुंपणापार गेला. वारा वाहत राहिला, सूप हलत राहिले. आणि शुभ्र, टपोरे, भरदार दाणे सरसर, सरसर, त्या पांढऱ्या कापडावर उतरत राहिले.