मागं तोंड करून बसणाऱ्या मावशी

मी एक जुनी सायका आहे. मित्रांनो, आज तुम्हाला जे सांगणार आहे ते १९९६ साली, ब्रह्मदेशातल्या आमच्या मोलम्याइन गावात घडलं.

सायका म्हणजे एक सायकल आणि तिच्या उजव्या अंगाला जोडलेला एका चाकाचा गाडा. गाड्यात दोन बैठका, पाठीला पाठ लावलेल्या. एक उतारू पुढं बघतो, दुसरा मागं. माझा सांगाडा एका लोहाराच्या अंगणात तयार झाला आणि सागवानी बैठका त्याच्या मेव्हण्यानं बसवल्या. मला हिरवा रंग दिला, हँडलला लाल गोंडे बांधले. पहिल्या दिवशी सगळी गल्ली मला हात लावून गेली. नंतरची कितीतरी वर्षं मी नवऱ्या मुली वाहिल्या, भाताची पोती वाहिली, बाळंतिणी वाहिल्या. पावसात भिजले, उन्हात तडकले. माझा मालक को बा नाइंग मला रोज फडक्यानं पुसायचा आणि पुसताना तोंडानं अखंड बडबड करायचा.

आमच्या ठरलेल्या उतारू म्हणजे दॉ म्या प्विंट आणि त्यांची धाकटी बहीण दॉ ए टिन; 'दॉ' म्हणजे आमच्याकडं बाई. दोघी विधवा, एकाच घरात राहायच्या. उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी सकाळी दोघी गालांना तनाखाच्या सालीचा पिवळा लेप लावून दारात उभ्या असत. धाकटी पुढं बघत बसे, थोरली मागं. "समोरचा वारा डोळ्यांत जातो," म्हणायच्या. त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. आधी चहाचं दुकान, मग नदीचा कठडा, मग छोटा पॅगोडा. एवढंच. पण त्या प्रत्येक ठिकाणी अशा बसायच्या, की जणू गाव त्यांच्यासाठीच वसवलंय.

त्या वर्षी दॉ म्या प्विंट विसरायला लागल्या. एकदा चुलीवर भात ठेवून शेजारी गप्पा मारायला गेल्या आणि स्वयंपाकघराची भिंत काळी झाली. ही बातमी रंगूनला त्यांच्या लेकीपर्यंत पोचली. लेक म्हणजे नीन वाइ. कचेरीत नोकरी, सहाव्या मजल्यावर घर. ती लगेच आली, तीही परतीची दोन तिकिटं काढूनच. परवाच्या सकाळी नावेनं नदीपलीकडं मोत्तमाला जायचं आणि तिथून रेल्वे.

मी दारात उभी होते. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सहाव्या मजल्यावर नेऊन काय करशील तिचं?" दॉ ए टिन म्हणाल्या. "गॅलरीत वाळत घालशील?"

"आणि इथं आग लागली तर, मावशी? तुला तरी कळेल का? तू तर दुपारभर घोरतेस."

"मी घोरत नाही. तो पंखा आहे."

"अगं, मी इथंच बसलेय," दॉ म्या प्विंट म्हणाल्या. "विसरते, पण बहिरी नाही झाले अजून. नीन, उद्या उपोसथ आहे. मावशीच्या जागेवर तू बस. मी सांगेन तिकडं गाडी जाईल. कुठं चुकले तर येते तुझ्याबरोबर, कुरकुर करणार नाही. नाही चुकले, तर तू एकटी जा."

लेकीनं दारात माझ्याशेजारी थांबलेल्या को बा नाइंगकडं बोट केलं. "यानं मधे बोलायचं नाही."

"हा?" दॉ ए टिन म्हणाल्या. "याच्या तोंडाला कुलूप लावायचं तर आधी कुलूपच मोठं शोधायला हवं."

सकाळी आम्ही निघालो. माझ्या मागच्या बैठकीवर आई, पुढच्या बैठकीवर लेक. मधल्या फळीवर दोघींच्या पाठी टेकलेल्या. लेकीची पाठ ताठ होती. आईची नेहमीसारखी सैल.

पहिल्याच चौकात दॉ म्या प्विंट म्हणाल्या, "डावीकडं घे."

को बा नाइंगनं मला उजवीकडं वळवलं.

"थांब!" नीन वाइ म्हणाली. "आई डावीकडं म्हणाली. चुकली ना? आणि तू मुकाट्यानं सुधारलंस."

"ताई, आता बोलू का?"

"बोल."

"मागं तोंड करून बसलेल्याचं डावं ते माझं उजवं. पंचवीस वर्षं मी या बैठकीचं ऐकतोय. रंगूनला बसून बसून विसरलात तुम्ही."

दॉ म्या प्विंट इतक्या हसल्या की माझं चाक करकरलं. लेकही हसली, पण तिची पाठ काही सैल झाली नाही.

चहाच्या दुकानात त्यांनी न मागताच त्यांच्यासमोर चहा आला, दाट, गोड, सायीचा. मालक तरणा होता. दॉ म्या प्विंट त्याला म्हणाल्या, "ऊ मांग, आज साय कमी का रे?"

"आत्ता घालतो, मावशी."

"आई, ऊ मांग म्हणजे याचे वडील," लेक हळूच म्हणाली. "ते जाऊन किती वर्षं झाली."

दुकानदारानं डोळ्यांनीच तिला खुणावलं. साय घालून परत जाताना तो तिच्याकडं वाकून म्हणाला, "असू दे हो, ताई. त्यांची हाक ऐकली की मला उगाच वाटतं, बाबा आत भट्टीपाशी आहेत."

 पुढं नदीचा कठडा. आईनं तिथं भरपूर बसून घेतलं. समोर थान्ल्विन नदीचं गढूळ पाणी, पलीकडं डोंगर. एक नावाडी वल्हं थांबवून ओरडला, "मावशी, आज बहीण कुठाय? पंखा दुरुस्त करतेय का?" म्हणजे घोरण्याची गोष्ट नदीलाही ठाऊक होती.

मग पॅगोडा. तो रस्त्याला लागूनच आहे, फाटकातून मला आतलं सगळं दिसतं. दोघी चपला काढून आत गेल्या. मित्रांनो, आमच्याकडं ज्याचा जन्म ज्या वारी, त्या वाराचा कोपरा त्याचा. तिथल्या मूर्तीवर आपण पाणी घालतो. गुरुवारचा उंदीर, शनिवारचा नाग. माणूस बाकी सगळं विसरेल, स्वतःचा वार विसरत नाही. दॉ म्या प्विंट गुरुवारच्या.

त्या सरळ शनिवारच्या नागापाशी गेल्या आणि पाणी घालू लागल्या.

नीन वाइ जागच्या जागी थांबली. को बा नाइंगनं माझं हँडल घट्ट धरलं. बोलायची बंदी होती, आणि बोलण्यासारखं काही नव्हतंही.

तेवढ्यात फुलं विकणारी मा च्विट पुढं झाली. तिनं काहीच न झाल्यासारखा दॉ म्या प्विंट यांचा कोपर धरला. "झालं ना इथलं, मावशी? चला, आता तुमचा उंदीर वाट बघतोय." दोघी गुरुवारच्या कोपऱ्याकडं गेल्या. मा च्विटनं पेला भरून हातात दिला आणि परत आली.

"कधीपासून चाललंय हे?" लेकीनं विचारलं.

"झाले सहा-सात महिने."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं, ताई? आधी वाटलं, तुमच्यासाठीच पाणी घालताहेत. तुम्ही शनिवारच्या ना? मग एकदा विचारलं, तर म्हणाल्या, मी शनिवारचीच. तेव्हापासून आम्ही दोन्हीकडं नेतो. मी नसले तर झाडणारी बाई नेते."

नीन वाइ फाटकाबाहेर आली आणि माझ्या बैठकीवर बसली. पुढच्या नाही, मागच्या. चहाचं दुकान, नदी, आम्ही आलो तो सगळा रस्ता तिच्यासमोर होता. बराच वेळ ती तिकडं बघत राहिली.

दॉ म्या प्विंट ओल्या हातांनी बाहेर आल्या. लेकीचा चेहरा बघून त्यांना कळलं. "चुकले ना मी कुठंतरी? मग येते बाई तुझ्याबरोबर. बोलले होते."

"आई, शनिवारची मी आहे. तू माझ्यासाठीच पाणी घातलंस ना?"

त्यांनी वळून नागाच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुझ्यासाठीच."

खरं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.

"मग नाही चुकलीस," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोत्तमाच्या नावेत ती एकटीच बसली. जाण्याआधी मावशीला बजावून गेली, आईला चुलीला हात लावू द्यायचा नाही. को बा नाइंगला म्हणाली, "एकही उपोसथ चुकवू नकोस." त्यानं चुकवला नाही.

पुढं कुणाचं काय झालं तेही सांगते. दॉ म्या प्विंट आणखी तीन वर्षं जगल्या. शेवटी शेवटी लेक आली की तिला पाहुणी समजून "चहा घेतलात का?" असं विचारायच्या आणि स्वतःच तिला दुकानाची वाट दाखवायच्या. एका दुपारी झोपेतच गेल्या. मग दॉ ए टिन एकट्या पडल्या आणि, कुणाला वाटलंही नसेल, रंगूनला नीन वाइकडं राहायला गेल्या. तिथली गॅलरी त्यांना फार आवडली म्हणे. नीन वाइ निवृत्त झाली ती थेट मोलम्याइनलाच आली. मा च्विटची मुलगी आता फुलं विकते. चहाच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. को बा नाइंगचे गुडघे गेले. तो ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो.

आणि मी? मोटारसायकली आल्या, तीनचाकी आल्या. मी त्याच्या अंगणात गंजत पडले आहे. माझ्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालतात. मला पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. लोखंडाचं काय एवढं. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस विसरायला लागलं, तर त्याला दुसऱ्या गावी हलवण्याआधी एक दिवस त्याच्याबरोबर हिंडा. ते जातील तिकडं जा, ते बसतील तिथं बसा. तिथं कोण कोण त्यांचा हात धरतं, ते आधी बघा.