म्हातारं कुणीच नसलेलं नाटक

तुम्ही सगळे खोटं बोलता. आरशासमोर उभे राहून एकेक पांढरा केस उपटता, "म्हातारपण नकोच" म्हणता. पण कुणी म्हातारं होत नाही असं जग दोन तास चालवून दाखवा म्हटलं, की तुमची बोबडी वळते. मी पाहिलंय. मी पांढऱ्या केसांचा टोप बोलतोय.

माझा जन्मच म्हातारा. एका कारागीर बाईंनी काळेभोर, तरुण केस आणले, औषधात बुडवून त्यांचा रंग उतरवला आणि एकेक केस जाळीत ओवला. बालपण नाही, तारुण्य नाही. थेट आजोबा!

मग मी एका हौशी नाटकमंडळीच्या पेटीत आलो. मला घालणारी डोकी सगळी विशीतली. मी चढलो रे चढलो की पोरं कमरेत वाकायची, खोकायची. त्यांच्या लेखी म्हातारपण म्हणजे एवढंच. तरी टाळ्या मात्र मलाच पडायच्या.

यंदा दिग्दर्शन एका मुलीकडे आलं. सगळे तिला 'तुफान' म्हणतात, कारण ती जिना चढत नाही, जिन्यावर धावून जाते. नाटकही तिनेच लिहिलेलं, कुणीच कधी म्हातारं होत नाही अशा जगाचं.

"काका, हा टोप आता नको," ती रंगभूषा करणाऱ्या काकांना म्हणाली. "कापा आणि रंगवून मिशा करा. सैनिकांना लागतील."

काकांनी कात्री काढली, मला मांडीवर घेतलं, आणि तेवढ्यात चहा आला म्हणून बाजूला ठेवलं. त्या चहानं मला वाचवलं.

तालीम सुरू झाली. आई तीनशे वर्षांची, लेक पावणेतीनशेची, आणि दोघी दिसायला पंचविशीच्या. लेक दूरदेशी निघते, आई रडते, असा प्रवेश.

"मी का रडू?" आई झालेली मुलगी म्हणाली. "शंभर वर्षांनी येईलच की ती परत."

"अगं, आई आहेस तू तिची!"

"कशावरून? आम्ही तर जुळ्या दिसतोय."

"वाद घालू नकोस. पटकन कर, उशीर होतोय!"

"तुफान, या जगात उशीर कसा होईल गं?" विंगेतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ती नाही हसली.

सगळे गेल्यावर ती एकटीच आरशासमोर बसली. मी समोर पडलेलो, कात्री शेजारीच. तिनं मला रागारागानं उचललं आणि, का कोण जाणे, डोक्यावर चढवलं. मग आरशात बघतच राहिली.

तिला न्यायला आलेले बाबा दारात थबकले.

"ताई..." त्यांच्या तोंडून गेलं. मग आत येत ते म्हणाले, "तुझी आत्या अशी दिसली असती."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सव्विसाव्या वर्षी गेली. तुफान अगदी तिच्या वळणावर गेलीय, असं घरात सगळेच म्हणत.

"बाबा, मी यंदा सव्वीसची होतेय."

"ठाऊक आहे."

"मला त्याच्या पुढचं काही दिसतच नाही. म्हणून तर लिहिलं हे सगळं."

बाबा स्टुलावर टेकले. "मलाही दिसत नव्हतं. ती थोरली, मी तिच्या पुढे कसा जाणार? पण गेलो. आधी चोरासारखं वाटलं. मग एक दिवस गुडघा दुखायला लागला आणि बरं वाटलं गं. म्हटलं, चला, आलो इथवर."

ती डोळे पुसत हसली. हसल्यावर माणसाच्या कपाळाची कातडी कशी सैल होते, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? तिनं मला हलक्या हातानं उतरवलं आणि कात्री पेटीत टाकली.

नाटक बदललं. आता त्या जगातली आई म्हातारी व्हायचं ठरवते आणि मी हळूच तिच्या डोक्यावर येतो, मग ती दिवसभर खिडकीत बसते. लेक निघाली की आई का रडते, ते कुणाला समजावावं लागत नाही. आईचं काम तुफान स्वतःच करते.

मी सुटलो. प्रयोग नसला की लाकडी डोक्यावर आरामात असतो, काका मला विंचरतात. तुम्हाला एकच सांगणं, मला घालाल तेव्हा लगेच खोकायला लागू नका.

काल प्रयोगानंतर पहिल्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत आत आल्या. तुफानला जवळ घेऊन म्हणाल्या, "म्हातारी झकास झालीस गं! पण ती सारखी खिडकीत का बसून असते? आम्ही बघ, नाटकाला येतो."